ब्लूनोज जहाजाचं लाकडी किट: ११ महिने बांधलं, ३ महिने सांभाळलं

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात डबा उघडला आणि यंदा मेमध्ये शेवटची गाठ मारली. जहाज कपाटावर उभं राहून आता तीन महिने झाले, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

ब्लूनोज ही कॅनडाची स्कूनर, म्हणजे एका प्रकारचं शिडाचं जहाज. नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्ग गावात १९२१ साली पाण्यात उतरलेली, दोन डोलकाठ्यांची. कॉड मासा पकडायला ग्रँड बँक्स या अटलांटिकमधल्या उथळ मासेमारीच्या भागात जायची आणि मच्छीमार जहाजांच्या शर्यतीही जिंकायची. कप्तान अँगस वॉल्टर्स. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून जे शिडाचं जहाज आहे, ते हेच. माझी मावसबहीण हॅलिफॅक्सला असते, ती येताना किट घेऊन आली आणि आठवणीने ते नाणंही. माप १:६४, म्हणजे साडेत्रेचाळीस मीटरचं जहाज ६८ सेंटिमीटरमध्ये.

डबा उघडल्या उघडल्या एक दोष दिसला. मधली मुख्य पाटी, जिच्यावर सगळं उभं राहतं, तिला जवळजवळ तीन मिलिमीटरचा बाक होता. ओल्या फडक्यात गुंडाळून दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली चार दिवस ठेवली, तेव्हा सरळ झाली. हे आधी तपासा. पाटी वाकडी असेल तर पुढे कितीही मेहनत केली तरी जहाज एका अंगाला कलल्यासारखं दिसणार.

त्या पाटीला आडवे साचे बसतात, मासळीच्या काट्यासारखे. प्रत्येक साचा गुण्या लावून काटकोनात बसवला. लेझरने कापलेल्या कडा काळ्या, जळकट असतात. त्या घासल्याशिवाय फेविकॉल नीट धरत नाही. मग साच्यांच्या कडा तिरक्या घासायच्या, म्हणजे वरून जाणारी पट्टी प्रत्येक साच्यावर पूर्ण टेकेल. माहितीपत्रकात याला एक परिच्छेद आहे. मला तीन आठवडे लागले आणि तेही कमीच पडले. पट्टी बोटाने सरकवत नेली की कुठे अडखळते ते डोळ्यांआधी बोटाला कळतं. त्या बोटावर विश्वास ठेवा. मी एका ठिकाणी कंटाळून सोडून दिलं, आणि तिथलाच फुगवटा आज उजेड तिरका पडला की दिसतो.

पट्ट्या लावण्याचं काम जुलै-ऑगस्टमध्ये केलं आणि तिथे माझी मोठी चूक झाली. पट्ट्या दीड मिलिमीटर जाडीच्या, बासवुड नावाच्या मऊ लाकडाच्या. पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून इस्त्रीच्या टोकावर वाकवल्या की छान वळतात. पण वळलेली पट्टी पुरती वाळू द्यायला हवी होती. मी अर्धी ओली असतानाच चिकटवत गेलो, त्यात पुण्याची पावसाळी हवा. डिसेंबरमध्ये हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं आणि डाव्या बाजूला नखाची कड शिरेल एवढ्या फटी पडल्या. बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून त्या फटी भरल्या, पुन्हा घासलं. ब्लूनोज वरून काळी आणि पाण्याखालच्या भागात तांबडी, त्यामुळे रंगाखाली सगळं झाकलं गेलं. लाकूड उघडं ठेवायचं असतं तर अख्खी बाजू उखडावी लागली असती.

मागचा भाग सर्वात अवघड. या जहाजाची मागची बाजू पाण्यावर लांब, निमुळती झुकलेली आहे. तिचं सौंदर्य तिथेच आहे आणि पट्टीला सर्वात जास्त पीळही तिथेच द्यावा लागतो. शिवाय तिथे पट्ट्या मोजून कमी पडतात, मध्ये त्रिकोणी पट्टी कापून भरावी लागते. पहिलंच जहाज करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. शिडांची मांडणी मात्र सोपी, कारण परबाणांचा, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या काठ्यांचा, पसारा नाही आणि दोऱ्या मोजक्या.

डेकवर आठ छोट्या होड्या येतात, चार-चारच्या दोन थप्प्यांत, एकीच्या पोटात दुसरी. या होड्यांना डोरी म्हणतात. त्यांत दोन-दोन माणसं बसून समुद्रात गळाच्या लांब दोऱ्या टाकायची. माझ्या तळहातावर साडेसात सेंटिमीटरची डोरी, आत बसायच्या फळ्या. थप्पी नीट बसावी म्हणून त्या फळ्या काढता येतील अशा करायच्या असतात. एकेका होडीला आठवडा गेला आणि तो सगळ्यात आनंदाचा काळ होता.

किटमधले धातूचे भाग ओबडधोबड, प्रत्येकावर कानस चालवावी लागली. लाकूड एकूण चांगलं. नकाशे उत्तम, अगदी मॉडेलच्याच मापाचे. हत्यारं आणि रंग धरून खर्च ३० हजारांपर्यंत गेला. एवढ्या पैशांत दोरा तरी बरा द्यायला हवा होता. किटमधला सुती दोरा केसाळ आहे. मेणावरून ओढून घेतला तेव्हा जरा बसला. अर्ध्या दोऱ्या त्याच्याच बांधल्या, उरलेल्या पॉलिएस्टरच्या.

फरक आता या पावसाळ्यात कळतोय. पॉलिएस्टरच्या दोऱ्या होत्या तशा आहेत. सुती दोर ओलीने आखडलाय आणि पुढची डोलकाठी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, किंचित झुकलीय. तिच्या मागच्या, मोठ्या डोलकाठीच्या बुडाशी, डोलकाठीखाली नाणं ठेवायच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, बहिणीने दिलेलं नाणं ठेवलंय. ती सरळ आहे. पुढचा तो एक दोर दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की, कापून पॉलिएस्टरचा बांधणार आहे.