महाविद्यालयातील एलईडी बदल : काम वेळेवर, तपासणी अपुरी

आमच्या महाविद्यालयातील वर्गखोल्या, ग्रंथालय आणि आवारातील दिवे उन्हाळी सुट्टीत एका खासगी कंत्राटदाराकडून बदलून घेण्यात आले. परीक्षा आटोपताच काम सुरू झाले आणि नवे सत्र उघडण्याआधी ते आवरलेही. शिवाय जुन्याच पट्ट्यांत (ट्यूब धरून ठेवणाऱ्या चौकटींत) नव्या ट्यूब बसवल्याने छताची तोडफोड टळली.

बचतीचा हिशेब सरळ आहे. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह ५० वॅटच्या आसपास वीज खात असे, नवी एलईडी ट्यूब २० वॅटची आहे. दिवसाला ८ तास आणि वर्षाला २०० दिवस धरले, तर एका ट्यूबमागे सुमारे ४८ युनिट वाचतात. (वर्ग सुटल्यावर दिवे बंद करण्याची सवय अर्थातच कंत्राटात बसत नाही.)

खटकले ते वेगळेच. काही वर्गांत बटण बंद केल्यावरही ट्यूब मंद मिणमिणत राहत होत्या. आमच्या वायरमनने पट्टी उघडून टेस्टर लावला, तेव्हा बटण बंद असूनही टेस्टर पेटला, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) घेतलेले होते, म्हणजे बटण बंद केले तरी पट्टीत वीज येतच राहत होती. दोष जुना असला, तरी ट्यूब बदलायला चढलेल्या माणसाला झटका बसू शकेल अशी ही चूक असल्याने प्रत्येक पॉइंट तपासूनच काम पुढे न्यायला हवे होते. तक्रार केल्यावर दुरुस्ती मात्र विनाशुल्क आणि तत्परतेने झाली.

ग्रंथालयात जितक्या जुन्या तितक्याच नव्या ट्यूब, तेही त्याच जागी, असा सरधोपट मार्ग पत्करला गेला. जुनी ट्यूब चहूबाजूंनी प्रकाश फेकत असे आणि छतावरून परतणारा उजेडही उपयोगी पडे. एलईडी ट्यूबचा झोत मुख्यतः खाली पडतो. परिणामी टेबले लख्ख उजळली, पण दाटीने उभ्या कपाटांच्या खालच्या फळ्यांवरील पुस्तकांचे क्रमांक वाकून वाचावे लागतात. पट्ट्या दोन कपाटांमधल्या वाटेवर सरकवल्या असत्या तर हे टळले असते.

काढलेल्या ट्यूब इमारतीमागे उघड्यावर रचून ठेवणे तर अक्षम्यच होते, कारण त्यांत पारा असतो आणि त्या ई-कचऱ्यात मोडतात.

वसतिगृहाचे काम याच कंत्राटदाराला द्यायला हरकत नाही. फक्त लक्समीटरची (उजेड मोजणाऱ्या उपकरणाची) मोजणी, वायरिंगची तपासणी आणि जुन्या ट्यूब अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे दिल्याची पावती या तिन्ही गोष्टी शेवटचे बिल मंजूर करण्याआधी हातात असाव्यात.