साठ वॅट, साडेनऊ किलो आणि तीन जिने

गिटारचा आणि गाण्याचा आवाज मोठा करणारा डबा म्हणजे अ‍ॅम्प; नवा अ‍ॅम्प दाखवला की प्रत्येक जण विचारतो, "किती वॅटचा?" वजन किती, असं आजवर एकानेच विचारलंय. तो एका सोसायटीचा वॉचमन होता. तिसऱ्या मजल्यावर डोहाळजेवण, लिफ्ट बंद, आणि माझ्या पाठीवर गिटार, एका हातात अ‍ॅम्प, दुसऱ्या हातात स्टँडची पिशवी. त्याने एकदा अ‍ॅम्पकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे, आणि म्हणाला, "ताई, हे किती किलोचं हो?"

तेव्हा ते सोळा किलोचं होतं.

मी नाशिकची. सोमवार ते शुक्रवार एका कंपनीत हिशेब लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन गाते. डोहाळजेवण, साठीशांत, कॅफेतली रविवार संध्याकाळ, द्राक्षबागांच्या बाजूचे होमस्टे, थंडीत हुरडा पार्ट्या. समोर वीस माणसं असतात, फार तर साठ. सोबत तबला नाही, कीबोर्ड नाही, साऊंडवाला तर नाहीच. सामान उचलायचं मी, लावायचं मी, आवरायचं मी, आणि हे सगळं स्कूटरवरून.

तो सोळा किलोचा अ‍ॅम्प मी ज्या दुकानातून घेतला तिथले काका म्हणाले होते, "मोठाच घ्या मॅडम, पुढे कामाला येईल." आठ इंची दोन स्पीकर, पन्नास वॅट, आवाज खरोखर भरदार. पण तो 'पुढे' काही आला नाही. दोन वर्षांत व्हॉल्यूमचं बटण तीनच्या वर गेलं नाही आणि माझी कंबर मात्र गेली. शेवटी एका चर्चमधल्या मुलांना विकला. त्यांना तो जागेवरून हलवायचा नाहीये, सुखात आहेत.

मग नवा शोधताना मी एकच अट ठरवली: दहा किलोच्या आट्याच्या पिशवीपेक्षा जड नको. ती पिशवी मी तीन जिने चढवू शकते हे मला पक्कं ठाऊक आहे. दुसरी अट आपोआपच आली. स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत उभा मावला पाहिजे आणि हँडल वळवताना गुडघ्याला लागता कामा नये.

वॅटचं म्हणाल तर त्या आकड्याने मीही फसले होते. साठ वॅटचा अ‍ॅम्प तीस वॅटच्या दुप्पट ऐकू येत नाही. बाकी सगळं सारखं असेल तर फरक असतो तीन डेसिबलचा, म्हणजे जाणवेल इतपत, बस्स. उलट मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनी उतरतो. तेव्हा खुर्च्या दोन हात पुढे ओढून घेणं हा फुकटचा वॅट आहे. आणि लोक जेवताना गप्पा मारत असतील तर पाचशे वॅटनेही काही होत नाही, ते आणखी मोठ्याने बोलतात.

मुंबईला धोबी तलावच्या बाजूला वाद्यांची दुकानं आहेत, तिथे एक शनिवार घालवला. गिटार माझी स्वतःची नेली आणि माईकही स्वतःचा, साधा शुअर एसएम ५८. हे मी सगळ्यांना सांगते. दुकानातल्या महागड्या गिटारवर कुठलाही अ‍ॅम्प गोडच वाजतो. माझ्या गिटारच्या घोडीखाली पिएझो पिकअप आहे, म्हणजे तारांची थरथर उचलून अ‍ॅम्पला देणारी पट्टी. जोरात वाजवलं की त्याचा आवाज बदकासारखा 'क्वॅक' करतो. अ‍ॅम्प ते बदक झाकतो की आणखी ओरडायला लावतो, हे घरच्याच गिटारवर कळतं.

पहिला वाजवला रोलंड एसी-३३. वजन ४.७ किलो. हातात घेतल्यावर हसूच आलं, इतका हलका. पाच इंची दोन स्पीकर, मागे तिरका ठेवायला पाय, आठ पेन्सिल सेलवर चालतो, वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारा चाळीस सेकंदांचा लूपरसुद्धा आहे. विजेवर तीस वॅट, सेलवर वीस. गिटार त्यात इतकी लख्ख वाजते की मी दहा मिनिटं फक्त बोटंच फिरवत बसले. मग माईक लावून गायले आणि थोडी निराश झाले. माझा आवाज खालच्या पट्टीतला, पाच इंची स्पीकरमधून तो थोडा पातळ येतो. जी फक्त वाजवते, किंवा जिचा आवाज मुळातच वर चढणारा आहे, तिने दुसरं काही बघूच नये. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने: पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, आतली बॅटरी म्हातारी होण्याची भानगड नाही.

दुसरा बोस एस१ प्रो. हा खरं म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प नाहीच, छोटा पीए आहे, म्हणजे सभा-कार्यक्रमांत लोकांपर्यंत आवाज पोचवणारा स्पीकर. सात किलोच्या आसपास, तीन चॅनेल, म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी जोडायची सोय, बॅटरी अकरा तासांपर्यंत, उभा ठेवा, आडवा ठेवा, तिरका ठेवा, तो आवाज आपोआप जुळवून घेतो, स्टँडवरही चढतो. गाणं यात सगळ्यात छान आलं. शब्दन् शब्द मागच्या काचेपर्यंत. पण टोनसाठी बास आणि ट्रेबल एवढी दोनच बटणं, मिड, म्हणजे मधल्या स्वरांचं बटण, नाही, आणि माझं बदक नेमकं मिडमध्ये राहतं. गिटारसाठी वेगळा प्रीअ‍ॅम्प पेडल, म्हणजे अ‍ॅम्पच्या आधीच टोन सुधारणारी डबी, घेतला असता तर हा अ‍ॅम्प मला आवडला असता. पण पेडल आलं की त्याचा अडॅप्टर आला, त्याची केबल आली, आणि एकटीच्या पिशवीत एक वस्तू वाढली.

घेतला तो फिशमन लाउडबॉक्स मिनी चार्ज. साठ वॅट, साडेसहा इंची स्पीकर आणि वरच्या स्वरांसाठी एक इंची ट्वीटर, दोन चॅनेल. वजन साडेनऊ किलो, म्हणजे आट्याच्या पिशवीच्या अटीत अर्ध्या किलोने पास. गिटारच्या चॅनेलला लो, मिड, हाय तिन्ही आहेत. मिड थोडा उतरवला आणि बदक गप्प झालं. एक गिटार अनेक असल्यासारखी भासवणारं कोरसचं बटण आहे, ते मी पहिल्या दिवशी फिरवून पाहिलं आणि परत हात लावला नाही. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चांगला आहे, जरासाच घ्यावा. जास्त घेतला की डोहाळजेवणाचं गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं.

घरी आणल्यावर परीक्षा झाली ती सासऱ्यांपुढे. बाबांनी तरुणपणी गल्लीच्या मंडळाचा अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर सांभाळलाय. झाडावर बांधलेला कर्णा आणि खाली टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर, असं त्यांचं शिक्षण. त्यांना मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसवलं आणि गायला लागले. ठरलं असं की शब्द कळला नाही की त्यांनी पेपर वर करायचा. पहिल्या गाण्यात पेपर चार वेळा वर गेला. मग ते स्वतः उठून आले आणि म्हणाले, "अगं, डबा जमिनीवर का ठेवलायस? पहिल्या रांगेच्या पोटऱ्यांना ऐकवायचंय का?" स्टुलावर ठेवला, कानाच्या उंचीला आला, आणि पेपर पुन्हा हलला नाही. जमिनीवर ठेवल्यावर बास फुगतो आणि वरचे स्वर माणसांच्या कपड्यांतच विरतात. सोळा किलोच्या धुडाने दोन वर्षांत जे शिकवलं नाही ते बाबांनी एका वाक्यात सांगितलं.

एकटीने गाताना हाच डबा लोकांसाठी स्पीकर असतो आणि माझ्यासाठी मॉनिटरही, म्हणजे मला माझंच ऐकवणारा. मला ऐकू यायचं तर तो मागे हवा, आणि मागे ठेवला की शिट्टी वाजते. गिटारच्या पोटातली हवा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास घुमते. अ‍ॅम्पमधून तोच स्वर आला की लाकूड थरथरतं, पिकअप ते उचलतो, अ‍ॅम्प पुन्हा वाढवून देतो, आणि 'हुंऽऽ' सुरू. यावर माझे उपाय असे: डबा डाव्या बाजूला, माझ्या खांद्याच्या रेषेत, गिटारच्या भोकाला रबराची चकती, आणि तरीही घुमलं तर चॅनेलवरचं, आवाजाची लहर उलटी करणारं फेजचं बटण. ते बटण उलटं केलं की पुष्कळदा गप्प बसतं. कधी नाहीच बसलं तर लो थोडा कमी. माईकची तोंडं कुठल्याही परिस्थितीत अ‍ॅम्पकडे नकोत, हे लिहायची गरज नव्हती, पण मागच्या महिन्यात मीच विसरले होते.

बॅटरीबद्दल कंपनी म्हणते पूर्ण आवाजात चार तास, बेताच्या आवाजात बारा. माझे कार्यक्रम दीड-दोन तासांचे. विजेशिवाय चालण्याचा खरा फायदा मला लोडशेडिंगमध्ये जाणवला नाही, तो जाणवला एका शेतघरात. तिथल्या प्लगमधली तिसरी, अर्थिंगची पिन फक्त शोभेची होती. आधीचा अ‍ॅम्प अशा ठिकाणी अखंड गुणगुणायचा, तारांना हात लावला की थांबायचा, सोडला की पुन्हा. यावेळी वायर काढली, बॅटरीवर टाकला, आणि शांतता. दूरवरचा पाण्याचा पंप ऐकू आला.

ब्लूटूथ मी गाण्यांच्या ट्रॅकसाठी वापरत नाही, तानपुऱ्यासाठी वापरते. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, आवाज अगदी हळू, आणि अभंगाच्या सुरुवातीला खाली षड्ज धरलेला. एकटीच्या गाण्यातलं रिकामेपण त्याने भरतं. फक्त फोन आधी फ्लाइट मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ पुन्हा चालू करा. एका साठीशांतीला मी ते केलं नव्हतं आणि उत्सवमूर्ती डोळे मिटून ऐकत असताना साठ वॅटमधून आमच्या आईची रिंगटोन वाजली.

उणं सांगायचं तर माईकच्या चॅनेलला फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, नाही. कंडेन्सर माईकला ती लागते, डायनॅमिकला लागत नाही. मैत्रिणीचा छानसा कंडेन्सर मागून आणला होता, लावला, टिचक्या मारल्या, काही नाही. दहा मिनिटं केबलला शिव्या दिल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून माझा डायनॅमिक ५८ बरा. दुसरं, चॅनेल दोनच. जोडीला बासरीवाला आला की तोच माईक आलटून पालटून. मोठ्या हॉलमध्ये मागच्या एक्सएलआर आउटमधून, म्हणजे माईकच्या केबलसारखी वायर लागते त्या जागेतून, त्यांच्या मिक्सरला वायर देते, आणि माझा डबा फक्त माझ्यासाठी राहतो. पूर्वी जुनी गिटार, जिच्यात प्रीअ‍ॅम्पच नव्हता, थेट मंडळाच्या मिक्सरला जोडायचे तेव्हा ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची. आता तो प्रश्न नाही.

किंमत टोचते. नुसत्या वाजवण्यासाठी किंवा घरच्या रियाजासाठी एवढा खर्च करू नका. आणि भाऊ किंवा मेहुणा अमेरिकेहून येतोय म्हणून त्याच्याकडून मागवायचा विचार असेल तर आधी चार्जरवर आणि अ‍ॅम्पच्या मागे काय छापलंय ते फोटो काढून मागवा. तिथे घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. फक्त १२० लिहिलेलं असेल तर वर ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि तो काय हलका नसतो.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर गायले तेव्हा आवाज अर्ध्यावरही नव्हता. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहेच, आणि खालच्या मजल्यावरचे जोशीकाका त्याआधी दहा मिनिटं घड्याळ बघत वर येतात. डबा बंद केला, दूध झालं, आणि शेवटची दोन गाणी तशीच झाली. बाबांनी पेपर आणला नव्हता.

अ‍ॅम्पसोबत कव्हर येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. मी आमच्या गल्लीतल्या सोफ्याच्या रेक्झिनवाल्याकडून शिवून घेतलं, साडेसहाशे रुपयांत. त्याने न सांगता बाहेरून एक खिसा ठेवला. त्यात केबल, रबराची चकती आणि गिटारच्या प्रीअ‍ॅम्पचा नऊ व्होल्टचा जादा सेल राहतो. चार्जर मावत नाही, तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीत.