बाहेर जेवायला जाताना: खाद्यब्लॉगरचे परीक्षण की ॲपवरचे तारे?

नव्या ठिकाणी जेवायला जाण्यापूर्वी स्वतंत्र खाद्यब्लॉगरचे परीक्षण वाचावे की ॲपवरील सरासरी गुण, म्हणजेच तारे, पाहावेत, असा प्रश्न एका स्नेह्यांना पडला आहे.

विश्वासार्हतेच्या निकषावर पहिला मुद्दा असतो तो बिल कोणी भरले हा. स्वतःच्या खिशातून पैसे देऊन, ओळख न सांगता जेवलेला ब्लॉगर पदार्थ खारट होता हे निःसंकोच लिहू शकतो. मात्र फुकट जेवणाचे आमंत्रण लपवणाऱ्याचे कौतुक ही निव्वळ जाहिरातच होय. सरासरी गुणांत खोटे अभिप्राय मिसळू शकतात आणि पार्सल उशिरा आल्याचा रागही चवीच्या खात्यावर जमा होतो. अशा अभिप्रायांच्या छाननीसाठी २०१८ मध्ये आयएसओ २०४८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आले खरे, पण ते ऐच्छिक आहे.

काय मागवावे आणि काय टाळावे, हे आकड्यातून कळत नाही. तिथे ब्लॉगरच सरस. ताजेपणात मात्र तो मागे पडतो, कारण आचारी बदलला तरी जुना लेख तसाच राहतो. वेळ अर्थातच तारे वाचवतात.

घाईत पोट भरायचे असेल, तर भरपूर आणि अलीकडच्या अभिप्रायांवर आधारलेले गुण पुरेसे आहेत. पाहुण्यांना न्यायचे असेल किंवा खर्च मोठा असेल, तर ज्याची आवड आपल्याशी जुळते आणि जो नावडलेलेही लिहितो, असा ब्लॉगर शोधावा.