कार्पल टनलचं ऑपरेशन: मशीन चालवणाऱ्या हाताला कोणतं बरं?

रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की थोडं बरं वाटतं आणि सकाळी पुन्हा ब्रेकर, ग्राइंडर किंवा चिरे कापायचं मशीन हातात घ्यायचं असतं. डॉक्टरांनी कार्पल टनलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं ऑपरेशन सांगितलं की बहुतेकांचा प्रश्न एकच: साधं करायचं की दुर्बिणीतून?

दोन्हींत काम तेच होतं. मनगटापाशी नसेवर दाब देणारा जाड पट्टा कापून नस मोकळी करतात. साध्या पद्धतीत तळहाताच्या बुडाशी छेद घेतात. बहुतेक वेळा हातापुरतीच भूल देतात, त्याच दिवशी घरी सोडतात आणि दहा ते चौदा दिवसांनी टाके काढतात. दुर्बिणीच्या पद्धतीत छेद लहान असतो, वण कमी दुखतो आणि हलक्या कामाला एक-दोन आठवडे लवकर लागता येतं. मात्र खर्च सहसा जास्त येतो, हात बसलेला सर्जन लागतो आणि नसेला तात्पुरता त्रास होण्याची शक्यता थोडी अधिक असते. सहा महिन्यांनी दोन्ही पद्धतींनी केलेले हात जवळपास सारखेच असतात.

आता तुमच्या कामाचा हिशेब घाला. ऑपरेशननंतर तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दुखतं, नेमकं मशीनचा दांडा टेकतो तिथेच. हे दुखणं दोन्ही पद्धतींत होऊ शकतं आणि कधीकधी तीन महिने टिकतं. मुठीची ताकद यायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणजे दुर्बिणीने वाचलेले आठवडे दुकानात किंवा ऑफिसात बसणाऱ्याच्या कामी येतात. ब्रेकरवाल्याला ते फारसे उपयोगी नाहीत, कारण जड कामाला सहा ते बारा आठवडे लागतातच आणि हादऱ्याच्या मशीनवर त्यातही शेवटी जायचं. म्हणून खिशातून पैसे घालायचे असतील तर माझा कल साध्या ऑपरेशनकडे आहे.

स्प्लिंट (मनगट सरळ धरणारी पट्टी) किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन हा पर्याय त्रास नवा असेल तर जरूर करून पाहावा. अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजलं असेल तर मात्र थांबू नये.

खरा फरक पद्धतीत नाही, हादऱ्यात आहे. मशीनचा हादरा मनगटातल्या नसेबरोबर बोटांतल्या बारीक नसा आणि रक्तवाहिन्याही बिघडवतो. ऑपरेशन फक्त मनगटातला दाब काढतं. करंगळीही बधिर होत असेल किंवा गारठ्यात बोटं पांढरी पडत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोव्यात थंडी बेताचीच असल्यामुळे पांढरी बोटं सहज नजरेतून सुटतात. अशा हाताला ऑपरेशनने रात्रीची झोप मिळते, पण बोटांतला बधिरपणा थोडा उरू शकतो. हे आधी माहीत असलं की नंतर ऑपरेशन फसलं असं वाटत नाही. विडी-सिगारेट सोडली तर रक्तपुरवठ्याला मदत होते. हादरा शोषणाऱ्या हातमोज्यांवर फार भिस्त ठेवू नका. ब्रेकरसारख्या मशीनला ते फारसे पुरत नाहीत. धारदार पातं, वेळच्या वेळी देखभाल आणि आळीपाळीने काम यांचा उपयोग जास्त.

तारीखही कामाकडे बघूनच ठरवा. पेडण्याच्या चिरेखाणींत पावसात पाणी भरतं, तेव्हा खाणीवरच्या माणसाला जूनमध्ये ऑपरेशन करून गणेश चवथीपर्यंत हात सावरायला वेळ मिळतो. सत्तरी तालुक्यात काजूच्या बागायतीत ग्रास कटर चालवणाऱ्याचं उलट आहे. त्याचं काम पावसात आणि पाऊस ओसरल्यावरच जोरात असतं, त्याने बागायत साफ करून झाल्यावरची तारीख मागावी. दोन्ही हात दुखत असतील तरी एकदम करू नका, जेवायला आणि आंघोळीला एक हात हवा.

पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विमा) कपात होत असेल तर पात्रतेनुसार आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असाल तर ही सोय बहुधा नसते. मग तारीख घेण्याआधीच त्याच्याशी बोला आणि पहिले तीन महिने बिनहादऱ्याचं काम द्यायला कबूल करून घ्या.