पेरॉक्साइडची बाटली आणि विकत घेतलेला एक श्वास

हायड्रोजन पेरॉक्साइड ‘रोज थेंब थेंब प्या, अंगात ऑक्सिजन वाढतो’ म्हणून विकणाऱ्याची पहिली चाल ठरलेली असते. कच्च्या बटाट्याची फोड, तिच्यावर चार थेंब, भसाभस फेस. “बघा, जंतू कसे मरतायत!” फेसाचा जंतूंशी काही संबंध नाही. बटाट्यात, रक्तात, यकृतात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन वेगळं करतं. त्याला तोच प्रयोग उकडलेल्या बटाट्यावर करायला सांगा. फेस येत नाही, कारण शिजताना एन्झाइम निकामी होतं.

मग ‘फूड ग्रेड’ पुढे येतं. फूड ग्रेड म्हणजे पिण्याजोगं नव्हे. 35 टक्क्यांचं हे द्रावण दूध-रसाची खोकी भरण्याआधी निर्जंतुक करायला लागतं. त्यात ते टिकवणारी रसायनं कमी असतात, इतकंच. अमेरिकेत ते कॅन्सरपासून संधिवातापर्यंत सगळ्यावर खपवलं गेलं, तेव्हा जुलै 2006 मध्ये तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेला, एफडीएला, ‘पिऊ नका’ असा इशारा द्यावा लागला. विक्रेत्याकडून जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबर्गच्या 1931 च्या नोबेलचा दाखलाही मिळेल. ते नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं, पेरॉक्साइड पिण्यासाठी नाही.

आता हिशोब. 35 टक्क्यांच्या 1 मिलीतून साधारण 130 मिली ऑक्सिजन सुटतो. आपल्या एका साध्या श्वासात 100 मिलीच्या आसपास ऑक्सिजन आत जातो, फुकट. म्हणजे पैसे मोजून मिळाला जेमतेम एक श्वास, तोही फुफ्फुसात नाही, जठरात! आणि फ्रिजमधल्या बिनलेबलच्या बाटलीतून पाणी समजून 30 मिलीचा घोट गेला, तर जवळजवळ चार लिटर वायू. तोंड-अन्ननलिका भाजते, बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

मापातही फसगत आहे. ‘1 भागाला 11 भाग पाणी, झालं 3 टक्के’ हे 35 धरून सांगितलेलं असतं. कारखान्यांसाठी कॅनमध्ये मिळणारा माल अनेकदा 50 टक्क्यांचा असतो. तोच बाटल्यांत भरून विकला तर याच मापाने 5 टक्के होतं. उलट पाणी मारलेला मालही असतो. अस्सल 35 टक्के असेल तर 100 मिलीचं वजन 113 ग्रॅम भरतं. 104 भरलं तर आत 10-12 टक्केच. (वजन करताना हातमोजे आणि डोळे झाकणारा संरक्षक चष्मा हवाच, थेंब पडला की कातडी पांढरी पडून चुरचुरते.) यात नुसते पैसे बुडत नाहीत. पातळ मालाचे थेंब सवयीचे झालेला माणूस पुढची अस्सल बाटली त्याच मापाने घेतो, म्हणजे थेट तिप्पट.

घरात फरशी-ओटा पुसायला हवं असेल तर केमिस्टकडची ‘20 व्हॉल्यूम’ घ्या. ती साधारण 6 टक्क्यांची असते, तितकंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की 3 टक्के. घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा धातूच्या बाटलीत साठवू नका, वायू साचून फुटते.

मळमळ झाली की विक्रेता म्हणतो, “विषं बाहेर पडतायत, थेंब वाढवा.” तिथेच थांबा. जास्त टक्क्यांचं पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा आणि किती टक्क्यांचं होतं ते दारातच सांगा.