काठी, चार पायांची काठी की वॉकर: घराचं दार आणि हातांची पकड पाहून ठरवा

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर आम्ही घाईघाईत वॉकर आणला आणि तो बाथरूमच्या दारातून आत जाईना. वॉकर पायांपाशी २३ इंच रुंद, दारातली मोकळी जागा २२ इंच. मग आई वॉकर बाहेर ठेवून नळाला धरत आत जायची. फरशी जिथे ओली, नेमका तिथेच आधार नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी मोजपट्टी काढा. दार पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजा, नुसती चौकट नको. उंबरठा किती उंच आहे आणि पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेत कपाट, टीपॉय काय काय आडवं येतं, तेही पाहून ठेवा.

दुखण्याच्या नावावरून साधन ठरत नाही. त्या पायावर किती भार टाकायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि दोन्ही हातांची पकड शाबूत आहे का, यावर ते ठरतं.

पायावर भार चालतो, पण गुडघा दुखतो किंवा तोल थोडा जातो, अशा माणसाला साधी काठी पुरते. ती शरीराचा फार तर पाव भार घेते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरणारे खूप दिसतात. ती धरायची विरुद्ध हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडले की खुब्यावरचा ताण हलका होतो. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली.

चार पायांची काठी साध्या काठीपेक्षा स्थिर असते आणि सोडली तरी उभी राहते. पक्षाघातानंतर एका हातात जोर उरला नसेल तर वॉकर उचलणार कसा? तिथे चांगल्या हातात ही काठी हाच खरा पर्याय. पण तिचे चारही पाय एकाच वेळी टेकायला लागतात. गुळगुळीत फरशीवर ती उत्तम, गावाकडच्या उंचसखल अंगणात मात्र डुगडुगते. खालच्या चार पायांची बैठक मोठी असेल तर जिन्याच्या पायरीवर मावतही नाही. रोज जिना चढायचा असेल तर लहान बैठकीचीच घ्या.

पायावर भार अजिबात टाकायचा नसेल, किंवा भीतीने पाऊलच उचलत नसेल, तर वॉकर. खरी निवड इथे आहे, कारण साधा आणि चाकांचा वॉकर दिसायला सारखेच, चालवायला अगदी वेगळे. साधा वॉकर प्रत्येक पावलाला उचलून पुढे ठेवायचा, मग, भार टाकायची परवानगी असेल तर, दुखरा पाय, मग चांगला. चाल हळू होते, पण वॉकर पळत नाही आणि उंबरठा सहज ओलांडतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत मला तोच भरवशाचा वाटतो. ज्यांना उचलायची ताकद नाही किंवा दम लागतो, त्यांना पुढे दोन चाकं असलेला बरा. मागचे रबरी पाय ब्रेकचं काम करतात. मात्र दोन इंचांच्या उंबरठ्याला चाकं अडतात, आणि माणूस पुढे झुकतो.

पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाला यातलं काहीही फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय घेऊ नका. उचलायच्या वॉकरने त्यांची लय तुटते, काहींचा तोल मागे जातो. मोकळी चाकं असली तर पुढे धावत सुटतात.

चार चाकांचा, हँडब्रेकचा आणि बसायला सीट असलेला वॉकर सोसायटीत, बागेत फिरणाऱ्यांसाठी आहे. दमल्यावर त्यावरच बसता येतं, पण दोन्ही ब्रेक लॉक केल्यावरच. साध्याच्या कितीतरी पट किंमत पडते आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकता येत नाही. ब्रेक दाबायचं लक्षात राहत नसेल तर तो धोक्याचाच.

काखेतल्या कुबड्या तरुण, हातांत बळ असलेल्यांसाठी. भार तळहातांवर घ्यायचा. कुबडीचं वरचं टोक आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं, नाहीतर तिथल्या शिरा दबून हात बधिर होतो.

उंची कशीही घेऊन चालत नाही. रोजच्या चपला घालून ताठ उभं करा, हात सैल सोडा. काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटावरच्या घडीइतक्या उंचीवर आली पाहिजे. धरल्यावर कोपर किंचित वाकतं. कंबरेत वाकून वॉकर ढकलणारे आजोबा दिसले की बहुतेक वेळा तो आखूड ठेवलेला असतो. बटणं दाबून चारही पाय सारख्याच भोकात बसवा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा: खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठायचं नाही. तो अंगावर उलटतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभं राहायचं, मग वॉकर धरायचा.

महिना-दोन महिन्यांचीच गरज असेल तर विकत घेण्याआधी गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात चौकशी करा. अनामत ठेवून वॉकर, कुबड्या, खुर्ची मिळते, परत दिली की पैसे परत. साधन घरात सोयीचं पडतं का, हे आठवडाभर वापरूनच कळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात मिळतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्या शिबिरांत गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, कुबड्या फुकट मिळतात. पण शिबिरात हातात दिलेली काठीसुद्धा तिथेच मापात बसवून घ्या.

आम्ही शेवटी अरुंद वॉकर आणला आणि बाथरूमच्या भिंतीत, कमोडशेजारी, आडवा दांडा ठोकला. दर महिन्याला मी वॉकर उलटा करून पायांखालची रबरं पाहते. आतली नक्षी झिजून ती गुळगुळीत झाली की लगेच बदलते. तीस-चाळीस रुपयांच्या त्या रबरावर आई ओल्या फरशीवर उभी असते.