अहमदाबादेत एक दुपार आणि एक संध्याकाळ: सायन्स सिटी, रिव्हरफ्रंट की कांकरिया?

"कांकरिया? आजे तो सोमवार छे, बेन. बंध." रिक्षावाल्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही पाच जण त्याच्या रिक्षात कोंबून बसलो होतो. पोरांचे चेहरे पडायच्या आत मी म्हटलं, मग सायन्स सिटी. तो हसला. "ए पण बंध."

चूक माझीच. शनिवार-रविवारला सोमवार जोडून आखलेली सहल, आणि नेमक्या सोमवारी कांकरिया तलाव आणि सायन्स सिटी या दोन्ही ठिकाणांना सुट्टी. तेव्हा तुम्ही ठरवायला बसला असाल तर आधी कॅलेंडर काढा, बाकीचं नंतर.

जुन्या शहराबद्दल इथे लिहीत नाही, कारण तिथे निवड करायचा प्रश्नच नाही. 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेलं भारतातलं हे पहिलं शहर. कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत महापालिकेचा हेरिटेज वॉक निघतो, तो सकाळी करायचाच. पोळांमधल्या, म्हणजे जुन्या बंदिस्त वस्त्यांमधल्या गल्ल्या, लाकडी कोरीवकाम, पक्ष्यांसाठी उभारलेले चबुतरे सगळं त्यात येतं. प्रश्न पडतो तो वॉक संपल्यावर. मुलांना आणखी एक मशीद, आणखी एक दरवाजा नको असतो, आजी-आजोबांचे गुडघे बोलायला लागलेले असतात, आणि हातात एक दुपार आणि एक संध्याकाळ उरते. मी दोन खेपांत सायन्स सिटी, साबरमतीचा रिव्हरफ्रंट आणि कांकरिया ही तिन्ही ठिकाणं पाहिली. तिन्ही एकाच सहलीत बसवायचा हट्ट करू नका.

दुपारसाठी माझं उत्तर सरळ आहे: सायन्स सिटी. ती शहराच्या पश्चिम टोकाला, सोल्याच्या बाजूला आहे. कालुपूर स्टेशनहून मेट्रोने थलतेजपर्यंत जायचं आणि पुढे रिक्षा करायची. आवार शंभर हेक्टरच्या वर, म्हणजे उन्हात चालायला अजिबात नको, पण पाहायचं ते बहुतेक एसीत आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना दुपारी दोन वाजता अहमदाबादेत मुलांना घेऊन जायची दुसरी जागा मला तरी सुचत नाही.

तिथल्या हिशोबाची मात्र आधी कल्पना हवी. गेट एक, तिकिटं अनेक. आत शिरायचं तिकीट किरकोळ आहे, पण मत्स्यालय आणि रोबोटिक्स गॅलरी यांची तिकिटं वेगळी, माणशी 200 ते 250 रुपयांच्या घरात. पाच जणांनी दोन्ही पाहायचं म्हटलं की आकडा चांगलाच चढतो. ही दोन्ही दालनं जुलै 2021 मध्ये सुरू झाली. दोनपैकी एकच घ्यायचं असेल तर डोळे झाकून मत्स्यालय घ्या. लहानमोठ्या 68 टाक्या आहेत, आणि शेवटी 28 मीटरचा काचेचा बोगदा. माझी पाच वर्षांची लेक त्या बोगद्यात काचेला नाक लावून उभी होती. डोक्यावरून एक पाकट तरंगत गेला आणि ती किंचाळली, "आई, ह्याचं तोंड पोटावर आहे!" मी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात वाढले, हिरवट पाण्याच्या चौकोनी खिडक्यांसमोर. म्हणून असेल कदाचित, त्या बोगद्यात मीही तिच्याइतकीच वेळ उभी होते.

रोबोटिक्स गॅलरीचा थाट मोठा आहे. दारात भलामोठा रोबो आणि कॅफेत ट्रे घेऊन येणारे रोबो. मुलं पहिला अर्धा तास खूष. नंतर मोठा मुलगा, अकरा वर्षांचा, मला म्हणाला, "बटण दाबायचं आणि वाट बघायची, एवढंच आहे." थोडं अन्यायाचं बोलला, पण खोटं नाही. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर पाहिलेल्या मुलांना बाकीच्या विज्ञान दालनांत फारसं नवल वाटणार नाही. मुलं बरोबर नसतील तर सायन्स सिटी सरळ वगळा.

रिव्हरफ्रंटबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. साबरमती पूर्वी वर्षातला बराच काळ वाळूचीच नदी होती. पात्रात भाजीचे मळे असायचे, धोबी कपडे वाळत घालायचे, सर्कशीचे तंबू पडायचे, आणि काठाने हजारो झोपड्या होत्या. 1997 मध्ये रिव्हरफ्रंटसाठी महापालिकेची वेगळी कंपनी झाली, 2005 मध्ये काम सुरू झालं, 2012 मध्ये काठावरचा चालायचा रस्ता लोकांसाठी खुला झाला. झोपड्यांतल्या कुटुंबांना शहराच्या कडेला घरं मिळाली, कामधंदा मात्र नदीजवळच राहिला. आज दोन्ही काठांना अकरा-साडेअकरा किलोमीटर सरळसोट भिंती आहेत आणि मध्ये भरलेलं पाणी. ते पाणीही साबरमतीचं कमी, नर्मदेच्या कालव्याचं जास्त, आणि खाली वासणा बॅरेजने, म्हणजे बंधाऱ्याने, अडवून धरलेलं. दुरुस्तीसाठी बॅरेजची दारं उघडली की पात्र पुन्हा जुन्यासारखं कोरडं पडतं.

इंजिनिअरिंगचं काम म्हणून दाद द्यायलाच हवी. पण 'पाहायचं ठिकाण' म्हणून? सकाळी आठनंतर खालच्या रस्त्यावर सावलीचा पत्ता नसतो. काँक्रीट तापतं, आणि एका टोकाला जे दिसतं तेच दुसऱ्या टोकाला दिसतं.

अटल पूल हा त्यातला चेहरा. ऑगस्ट 2022 मध्ये उघडलेला, 300 मीटर लांबीचा, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, पतंगाच्या कल्पनेवर बेतलेला. वर रंगीत कापडी छत, मध्ये पायाखाली काच. तिकीट आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा पुलावर चालायला कमी आणि फोटोसाठी ताटकळायला जास्त वेळ गेला. काचेभोवती तर नंबर लावल्यासारखी गर्दी. गंमत म्हणजे पुलावरचं सगळ्यात देखणं दृश्य पुलाचं नाही, उत्तरेला दिसणाऱ्या 1892 च्या एलिस ब्रिजच्या लोखंडी कमानींचं आहे. आईने पूल अर्धाच ओलांडला. म्हणाली, "पलीकडे काय आहे? हेच ना?"

तरी रविवारी शहरात असाल तर नदीकडे जाच, पण पुलासाठी नाही. एलिस ब्रिजजवळ गुजरी भरते, रविवारचा जुना बाजार. खाटा, पितळी भांडी, कुलुपं, सुटे पाने, जुनी पुस्तकं, कोंबड्या, काय वाट्टेल ते. रिव्हरफ्रंट झाला तेव्हा गुजरीचीही जागा नव्याने आखली गेली, पण घासाघीस जुनीच आहे. मुलाने तिथे चाळीस रुपयांना एक बंद पडलेला टॉर्च घेतला आणि घरी आणून चालू केला. रोबोंचं नाव त्याने परत काढलं नाही.

आणि संध्याकाळ? माझा कौल कांकरियाला. खरं तर हा तलाव 'आधुनिक' म्हणावा का, हाच वाद. सुलतान कुतुबुद्दीनने तो 1451 मध्ये पूर्ण केला, चौतीस बाजूंचा, चहूबाजूंनी दगडी पायऱ्यांचा, मध्ये बेटावर नगिनावाडी ही बाग. पण आज लोक ज्या कांकरियाला जातात ते 2008 मध्ये नव्याने झालेलं आहे. कुंपण आणि गेटं, किरकोळ तिकीट, तलावाभोवती फिरणारी छोटी आगगाडी, पाळणे, बालवाटिका. फेरी दोन किलोमीटरच्या वर होते, ज्याला जमत नाही त्याला गाडीत बसवायचं.

इथलं प्राणीसंग्रहालय रूबेन डेव्हिड यांनी 1951 मध्ये उभं केलं. ते बेने इस्राएल या ज्यू समाजातले. आपल्या कोकणात ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, तोच हा समाज. आईला हे सांगितल्यावर ती पिंजऱ्यांपेक्षा त्यांच्या नावाच्या पाटीपाशीच जास्त रेंगाळली, अलिबागकडची शेजारीण आठवून.

रिव्हरफ्रंटवर मला जे सापडलं नाही ते इथे सापडलं, ते म्हणजे शहरातली माणसं. सातनंतर कुटुंबंच्या कुटुंबं येतात, चादर अंथरतात, डब्यातून थेपले आणि छुंदा निघतो. शेजारच्या बाईंनी न विचारता आमच्या लेकीच्या हातात थेपला दिला. फक्त 25 ते 31 डिसेंबर हा आठवडा टाळा. तेव्हा कार्निव्हल असतो, आणि त्या गर्दीत लहान मूल आणि म्हातारं माणूस दोन्ही सांभाळणं कठीण.

मुलं नसतील, दोघंच असाल, तर या तिन्हींआधी 'अमदावाद नी गुफा' बघा. वास्तुकार बाळकृष्ण दोशी आणि चित्रकार हुसेन यांनी मिळून केलेली, 1995 ची. जमिनीखाली आहे, आत एक भिंत सरळ नाही, खांब झाडांसारखे तिरके, आणि छताच्या नळकांड्यांतून उजेडाचे गोळे खाली पडतात. तिकीट नाही, दुपारी चारनंतर उघडते. अर्ध्या तासात पाहून होते.

तीही सोमवारी बंदच.

त्या सोमवारी मग रिक्षावाल्यानेच साबरमती आश्रमात नेलं, तो रोज उघडा असतो. चार्ल्स कोरियांनी बांधलेलं 1963 चं संग्रहालय आतून इतकं गार होतं की पोरं फरशीवर बसकण मारून बसली. विनोबांच्या कुटीबाहेर आईने चपला काढून नमस्कार केला. मग नदीकडच्या पायऱ्यांपाशी झाडाच्या सावलीत बसून आम्ही तोच रिव्हरफ्रंट पाहिला, तासभर, फुकट.